यंदा समुद्र किती दिवस मिळाला?

२०१९ साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या मध्यावर आली. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली होती, जाळी सांधून झाली होती, होड्यांना रंग लागला होता. पण दर्या काही शांत व्हायला तयार नव्हता. त्या वर्षी मोसमी पावसाने परतीची वाट धरायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. तोवरच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. मधल्या काळात, सप्टेंबरात, ‘हिक्का’ नावाचे वादळ अरबी समुद्रात उठून ओमानकडे गेले. ऐन दिवाळीत ‘क्यार’ आले आणि ते ओसरते न ओसरते तोच ‘महा’. दोन्ही वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, त्यामुळे शहरात राहणाऱ्यांच्या ती लक्षातही नसतील. कोकणातल्या बंदरांत मात्र होड्या दोरखंडाने एकमेकींना बांधून पडून होत्या.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पुढे त्या वर्षाचे आकडे मांडले. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतली ही सर्वांत कमी मासळी होती.

संस्थेचा हिशेब टनांचा असतो, किनाऱ्यावरच्या घरांचा दिवसांचा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून बंदीचे ६१ गेले. डोळ, म्हणजे समुद्रात ठोकलेल्या खांबांना बांधलेले जाळे, लावणाऱ्याला पाण्याची ओढ लागते, म्हणून उधाणाच्या दिवसांत त्याचे काम जोरात चालते आणि भांगाच्या दिवसांत जवळजवळ थांबते. रापण ओढणाऱ्याला किनारा शांत हवा. लहान होडीवाल्याला वारा अंगावर आला की परत फिरावेच लागते. अशी वजाबाकी करत जे दिवस उरतात त्यांत वर्षाचे घर चालवायचे, कर्जाचे हप्ते द्यायचे, मुलांच्या फी भरायच्या. प्रत्येक वादळ यातून पाच-सहा दिवस सहज खाते. वादळ शेकडो मैल दूर असले तरी इशारा येतोच आणि होडी किनाऱ्याला लागते.

पूर्वी चक्रीवादळ म्हटले की बंगालचा उपसागर आठवायचा. अरबी समुद्र तुलनेने थंड, म्हणून तिथे वादळे कमी. आता हे चित्र पालटत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रावर वादळे रेंगाळण्याचा काळही ८० टक्क्यांनी वाढला. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या मांडणीप्रमाणे अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान चार दशकांपूर्वीपेक्षा सुमारे १.२ ते १.४ अंशांनी चढले आहे. माणसाला एक अंश म्हणजे काहीच वाटत नाही, पण वादळाला तापलेल्या पाण्यातून मिळणारी वाफ म्हणजेच इंधन.

यात मच्छीमाराच्या दृष्टीने एक वाईट योगायोग आहे. भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे इतक्या वेगवेगळ्या दिशांनी वाहतात की वादळाला नीट उभेच राहता येत नाही. म्हणून या समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. मासेमारीचा हंगाम नेमका ऑगस्टपासून मेपर्यंत. त्यातली चांगल्या कमाईची सुरुवात आणि पावसाळ्याची बेगमी करायचा शेवट, ही दोन्ही टोके वादळांच्या वाट्याला गेली आहेत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा होड्या वर ओढलेल्या होत्या. तरी घरांची छपरे, जाळी ठेवायच्या खोपी, नारळी-पोफळी गेल्याच. पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ मेच्या मध्यावर किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. हंगामाचा शेवटचा पंधरवडा त्याने नेला.

हे सगळे हवामानाच्या खात्यावर टाकणे मात्र सोयीचे असले तरी खरे नाही. मासळी घटायला अख्खे थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा बेसुमार वापर, प्रखर दिव्यांच्या उजेडात होणारी मासेमारी, पिल्लेसुद्धा न सोडणारी बारीक जाळी, खाड्यांत उतरणारे कारखान्यांचे पाणी आणि शहरांचे सांडपाणी हीही कारणे आहेत. किनाऱ्यावर कोणी या कारणांची वेगवेगळी बिले फाडत नाही. आधीच रोडावलेल्या मासळीवर वादळाचे दिवस चढतात, म्हणून ते इतके जड जातात.

२०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे मोजली गेली. त्यांत पालघर-मुंबई-रायगडचे कोळी आहेत, सिंधुदुर्गातले गाबीत आहेत, रत्नागिरीकडचे दालदी आणि खारवी आहेत, भंडारीही आहेत. सगळेच लहान नाहीत. मोठ्या यांत्रिक नौकांचे मालकही याच गणनेत आले. इथे ज्या घरांविषयी बोलायचे आहे ती वेगळी. एखादी होडी, फार तर बाहेरून लावायचे इंजिन, दोन-तीन प्रकारची जाळी, आणि रोज संध्याकाळी घरी परतणारी माणसे.

या घरांची अर्थव्यवस्था वाट्यांवर चालते. विकलेल्या मासळीतून डिझेल, बर्फ आणि शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे भाग करायचे. होडीचा भाग, जाळ्याचा भाग, प्रत्येक माणसाचा भाग. पगार कोणालाच नाही. मासळी मिळाली तर सगळ्यांना, नाही मिळाली तर सगळेच रिकामे. एका परीने हा जुना विमाच म्हणायचा, कारण वाईट दिवसाचा भार एकट्यावर पडत नाही. पण कर्ज होडीच्या मालकाच्या नावावर असते आणि त्याचे वाटे पडत नाहीत. खलाशाला कोरडे दिवस वाढलेले परवडत नाहीत, तो दुसरे काम बघतो. रत्नागिरीच्या मोठ्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी दिसतात ते काही एका दिवसात आलेले नाहीत.

मासेही जागा बदलत आहेत. तारली, म्हणजेच पेडवे, हा मूळचा मलबार किनाऱ्यावरचा मासा. एकेकाळी तिचा मुख्य वावर ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांत, म्हणजे ढोबळमानाने केरळ-कर्नाटकात होता. गेल्या काही दशकांत ती उत्तरेकडे पसरत गेली आणि कोकण-गोव्याच्या जाळ्यांत नेमाने येऊ लागली. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. नंतर ती काहीशी सावरली, पण या चढउतारात तिथली हजारो घरे होरपळली. त्यांच्या मुख्य माशाने पाठ फिरवली ती कोकणाचे भाग्य उजळायला नव्हे. मालवणी घरात पेडव्यांचे तिखले आवडीने होते, पण मुंबईच्या बाजारात तिला पापलेट-सुरमईचा मान नाही. जास्त आली की भाव पडतो. मग ती गाड्यांत भरून केरळकडे जाते, नाहीतर मत्स्यकुटीच्या कारखान्यात.

बांगड्याची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. बांगडा हा वरच्या पाण्यातला, थव्याने फिरणारा मासा. पृष्ठभाग तापू लागला तसा तो खालच्या थंड थरांतही राहू लागल्याचे मत्स्यशास्त्रज्ञांना तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांतून कळले, कारण तिथे पूर्वी क्वचित सापडणारा बांगडा नेमाने सापडू लागला. रापणीसाठी होडीतून किनाऱ्यालगत लांबच लांब जाळ्याचा अर्धगोल टाकतात आणि गावातली माणसे दोन्ही टोके धरून ते वाळूवर ओढतात. त्या जाळ्यात जे काठाजवळ येईल तेच. मासा खोल गेला की तो ट्रॉलरच्या पदरात जातो आणि रापणकर वाळूवर उभा राहतो. समुद्रातला प्रत्येक बदल असा लांब हात असणाऱ्याच्या सोयीचा ठरतो.

लहान मच्छीमार यावर काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो एका माशाच्या भरवशावर राहत नाही. कोळंबीचे जाळे वेगळे, बांगड्याचे वेगळे, सुरमईचे वेगळे, पावसाळ्यात खाडीत टाकायचे आणखी निराळे. जाळ्यांची ही विविधता पूर्वीही होती. आता ती गरज झाली आहे आणि महागही. त्यात काही नवे पाहुणे त्रास देतात. केंड माशांचा थवा आला की तो जाळ्यातली मासळी खातो आणि जाळेही कुरतडतो. जेलीफिशने भरलेले जाळे इतके जड होते की ओढताना फाटते. मग आठवडाभर ते सांधत बसायचे, म्हणजे पुन्हा दिवसच गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे हातातला मोबाइल. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटांची उंची, वाऱ्याचा जोर आणि संभाव्य मत्स्यक्षेत्रे यांची माहिती मराठीतही मिळते. पाण्याचे तापमान आणि त्यातली हरितद्रव्याची नोंद उपग्रहाकडून घेऊन मासळी कुठे जमेल याचा हा अंदाज असतो. तो काढताना आकाश निरभ्र लागते, आणि दाखवलेली जागा अनेकदा लहान होडीच्या आवाक्याबाहेर, खूप वाव पाण्यात असते. वाऱ्याचा अंदाज मात्र सगळ्यांच्या कामाचा. ‘विंडी’सारखे ॲप उघडून उद्याचे वारे बघणारा तरुण तांडेल आता कुठल्याही बंदरावर भेटतो. त्याचे वडील अजून पहाटेच्या मतलई वाऱ्यावर, पाण्याच्या रंगावर आणि तिथीवर भिस्त ठेवतात. घरात यावरून वाद होतात, पण बहुतेक वेळा दोन्ही बघूनच होडी सुटते.

इशारा वेळेवर पोहोचणे म्हणजे काय, हे देवगडने २०१७ मध्ये पाहिले. ‘ओखी’ वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार समुद्रातच सापडले; अनेकजण परतले नाहीत. त्याच राज्यांच्या ६८ नौका मात्र ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. त्यानंतर दूर समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत संदेश पोहोचवण्याच्या उपकरणांवर काम सुरू झाले. इस्रोने घडवलेली ती उपकरणे आता नौकांवर बसवली जात आहेत. रोज परतणाऱ्या लहान होडीला त्यांची तेवढी गरज पडत नाही. तिची अडचण निराळी: इशारा खरा ठरो वा खोटा, त्या दिवसाची चूल कशावर पेटवायची?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत बाई देते. मासेमारीवर बोलताना सगळ्यांचे डोळे पाण्याकडे असतात, आणि घर तगते ते जमिनीवरच्या कामावर. वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा या पट्ट्यात बोंबील सुकवण्याचे काम बघावे. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तो टिकत नाही आणि एकदम जास्त आला तर भाव मिळत नाही. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर ताणलेल्या दोरीवर टाकायची. मीठ लागत नाही. कोरडा वारा आणि ऊन यांवरच सगळे चालते. जवळा आणि करंदी खाली खळ्यात पसरायची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हे चालते आणि वैशाख-ज्येष्ठात आगोटच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या, खरेदीला लोक बाहेर पडले की साठवलेली सुकी मासळी रोख पैशात बदलते. बंदीचे दोन महिने घर चालते ते या पैशावर.

वाळत घातलेल्या मासळीवर एक सर पुरे होते. भिजलेला बोंबील काळा पडतो, त्यात अळ्या होतात. मग तो माणसांच्या नव्हे, कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने जातो किंवा खताला. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दिवसांत मुंबई-कोकणात पाऊस पडला. डिसेंबर म्हणजे वाळवणाचा हक्काचा महिना. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच आभाळ भरून आले आणि मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. पाऊणशे वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. शहरात त्या दिवशी तुंबलेल्या स्थानकांची चर्चा होती. किनाऱ्यावर मात्र वलांडीवर अजून मासळी होती आणि आगोटचा बाजार अर्ध्यावर होता.

बायकांनी यावर आपापल्या परीने तोडगे काढले आहेत. एकदम सगळी मासळी दोरीवर न टाकता थोडी थोडी वाळवायची. प्लास्टिकच्या ताडपत्र्या हाताशी ठेवायच्या. ढग दिसले की भाव पाडून ताजीच विकायची. घरची मासळी कमी पडली तर भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकमधून ताजी घेऊन गल्लोगल्ली विकायची, आणि सुक्यासाठी गुजरातेतल्या जाफराबादचा बोंबील विकत आणून पुढे विकायचा. या शेवटच्या मार्गात कोळीण उत्पादक न राहता व्यापारी होते. तिला भांडवल लागते, आणि ते बचत गटातून, सोनाराकडे ठेवलेल्या दागिन्यातून किंवा उसनवारीतून येते.

सौर वाळवणयंत्रे हा सरकारी योजनांतला आवडता उपाय. तो चांगलाच आहे. पारदर्शक झाकणाखाली माशी बसत नाही, धूळ लागत नाही, पाऊस आला तरी माल वाचतो. पण घरगुती यंत्रात मावते ती मासळी आणि डोळीतून एका भरतीला येणारी मासळी यांचा मेळ बसत नाही. शिवाय यंत्र ठेवायला जागा लागते. मुंबईच्या कोळीवाड्यांत वाळवणाच्या मोकळ्या जागांवर गाड्या उभ्या राहतात, बांधकामे डोकावतात. या जागा नकाशावर मच्छीमारांच्या म्हणून नोंदवा, ही कोळीवाड्यांची जुनी मागणी आहे. हवामानबदलाशी तिचा संबंध वरवर दिसत नाही, पण ज्या बाईकडे अंगणच उरले नाही तिला नवे यंत्र देऊन काय होणार?

दक्षिणेला, सिंधुदुर्गात, वेगळे प्रयोग चालू आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हातात. कांदळवनाच्या जाती, तिथले पक्षी, मुळांत वाढणारी मासळीची पिल्ले यांची माहितीही त्याच देतात. मच्छीमार घरांतल्या या बायका पूर्वीपासून ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, कालवे वेचत आल्या. त्यांच्या ओळखीच्या चिखलाला २०१७ पासून तिकीट लागले इतकेच. कांदळवनाचा उपयोग दुहेरी असतो. ते लाटेचा जोर मोडते आणि कोळंबी-खेकड्यांची पिल्ले वाढवते. राज्याने २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. संयुक्त राष्ट्रांच्या हरित हवामान निधीने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी मंजूर केलेल्या प्रकल्पातही सिंधुदुर्ग आहे. खेकडापालन, शिनाणे आणि कालवे यांची शेती, शोभेचे मासे अशी कामे त्यातून गटांना मिळतात.

खेकडापालन ऐकायला सोपे वाटते. खाडीतला खेकडा चांगल्या भावाने परदेशी जातो, हे खरे. पण कात टाकलेला मऊ खेकडा शेजाऱ्याचे जेवण होतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा लागतो. रोज खाद्याला स्वस्त मासळी लागते, आणि नेमकी तीच आता स्वस्त राहिलेली नाही. बीज तमिळनाडूतल्या उबवणी केंद्रातून आणायचे तर वाटेत किती जगते, यावर सगळे गणित. मोठा पूर आला, खाडीचे पाणी गोडे झाले, की वर्षाची मेहनत वाया. जिथे गट टिकला, हिशेब चोख राहिला आणि माल घेणारा ठरलेला होता तिथे पैसे मिळाले. अनुदान संपताच पिंजरे चिखलात रुतले, असेही घडते.

देवबागेत हवामानाशी जुळवून घेण्याचा सगळा तिढा एका अरुंद पट्टीवर दिसतो. मालवणजवळच्या या गावाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. दोन्हीकडून जमीन खचते. एके काळी रापणीवर जगणाऱ्या या गावात आता न्याहारी-निवास आहेत, स्नॉर्कलिंग आहे, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आहेत. त्याच होडीने पहाटे मासे आणि नऊनंतर माणसे न्यायची. घरात मासळी असल्याने पाहुण्यांचे जेवणही होते आणि मासळीला बाजारापेक्षा बरा भाव घरातच मिळतो. हिशेबाने पाहिले तर ही घरे पूर्वीपेक्षा सुस्थितीत आहेत. पण पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मेच. वादळ आले की मासे आणि पाहुणे एकदमच बंद. ‘तौक्ते’च्या वेळी तर टाळेबंदीही होती.

घर वाचवायला दगडी बंधारा मागायचा, तर बंधाऱ्यापुढची वाळू हळूहळू निघून जाते. मग होडी ओढायला आणि रापण खेचायला जागा राहत नाही. बंधारा नको म्हणायचे, तर पुढच्या उधाणात माड आणि मागून पडवी जाणार. गावे दगड मागतात. त्यांना दोष देता येत नाही.

जुळवून घेण्याचे सगळेच मार्ग शहाणपणाचे नसतात. मासा दूर गेला म्हणून मोठे इंजिन, मोठ्या इंजिनासाठी मोठे कर्ज, ते फेडायला जास्त फेऱ्या. त्यातूनही भागले नाही की शेजाऱ्याचे बघून पर्ससीन नाहीतर दिव्यांचे जाळे. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, राज्याने २०१६ पासून पर्ससीनवर निर्बंध आणले, २०२१ मध्ये दंड वाढवला. तरी मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पारंपरिक आणि पर्ससीनवाल्यांचे संघर्ष संपलेले नाहीत. उत्तरेला पालघर-डहाणू विरुद्ध वसई-उत्तन असा कवींचा, म्हणजे डोळ बांधायला समुद्रात ठोकलेल्या खांबांचा, वाद वर्षानुवर्षे पेटतो-विझतो. मासळी कमी झाली की हद्दी अधिक मोलाच्या होतात. लहान मच्छीमारही इथे नेहमीच निर्दोष नसतो. डोळीत पापलेटची पिल्ले येतात आणि ती विकलीही जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. सातपाटीसारख्या गावाची ओळखच या माशावर उभी आहे. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवणारा नियम आला. नियम योग्यच आहे. पण ज्याला चार दिवसांनी एक दिवस समुद्र मिळाला, त्याला हातातला मासा सोडायला सांगायचे तर त्याच्या मागे काही आधार हवा.

तो आधार आजवर बहुतेक करून व्यापाऱ्याने दिला आहे. हंगामाआधी उचल घ्यायची आणि त्या बदल्यात मासळी त्यालाच द्यायची. भाव तो ठरवील तो. किसान क्रेडिट कार्ड २०१९ च्या सुमारास मच्छीमारांना लागू झाले, पण ज्याच्या नावावर होडी नाही त्या खलाशाला आणि विक्रेत्या बाईला ते मिळवताना कागदांची वाट लांब पडते. सरकारी मदत प्रामुख्याने फुटलेल्या होडीला आणि फाटलेल्या जाळ्याला मिळते. याला एक ठळक अपवाद झाला. ‘क्यार’ आणि ‘महा’मुळे बुडालेल्या हंगामासाठी राज्याने २०२० मध्ये सुमारे ६५ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले. होडी धडधाकट असूनही नुकसान होते, ही गोष्ट तेव्हा कागदावर मान्य झाली.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याचा अर्थ काय निघेल हे पाहायला देवगडसारखी जागा नाही. तिथे हापूसच्या बागेला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. अवेळी पाऊस, चढलेले किंवा उतरलेले तापमान, सुटलेला वारा यांची नोंद हवामान केंद्रात ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की भरपाई देय होते. झाडाखाली जाऊन फळे मोजावी लागत नाहीत. त्याच वाऱ्याने खाली बंदरात होड्या बसून राहतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर बंदरातून सुटणाऱ्या आणि परतणाऱ्या नौकांची नोंद ठेवण्याची पद्धत कडक झाली आहे, आणि हवामान खात्याचे इशारे तारखेनिशी उपलब्ध असतात. ही दोन्ही बाडे शेजारी ठेवली तर कोणत्या बंदरातल्या किती होड्यांना वर्षात किती दिवस समुद्र मिळाला नाही, याचा हिशेब एखादा कारकून आठवड्याभरात काढू शकेल. बागायतदाराच्या विम्याचा हप्ता आज केंद्र, राज्य आणि तो स्वतः मिळून भरतात. होडीसाठी तो कोणी भरायचा, आणि वाट्यावर जाणाऱ्या खलाशाचे व वलांडीवर मासळी टाकणाऱ्या बाईचे नाव त्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचे, हे अजून ठरायचे आहे.